तिसऱ्या मजल्यावरून कृत्तिका

गेल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, माझे सासरे स्टुलावरून पडले. नवरात्रात मांडलेल्या गोलूच्या बाहुल्या कागदात गुंडाळून पोटमाळ्यावर ठेवण्याचं काम चालू होतं. शेवटची पेटी वर गेली होती. उतरताना डाव्या पायाला स्टुलाची कड सापडली नाही. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली, आठव्या दिवशी दोन माणसांनी त्यांना खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर चढवलं. इमारतीला लिफ्ट नाही. डॉक्टरांनी जिना मना केला होता. कार्तिकै या दिव्यांच्या सणापर्यंत ते एकदाच खाली उतरले, आणि तेही खुब्यासाठी नाही.

यंदा पुन्हा तेच दिवस आले आहेत. तमिळ मुलखातल्या तिरुवल्लिकेणीच्या आमच्या गल्लीत पाऊस समुद्राकडून येतो. महाराष्ट्रात पावसाळा संपल्याची चर्चा होते तेव्हा इथे तो सुरू होतो. घरात ओल्या कपड्यांचा वास असतो. बाल्कनीतल्या दोन दोऱ्यांवर वेष्टी म्हणजे इथली धोतरं, साड्या, टॉवेल तीन-तीन दिवस लोंबतात आणि तरीही दमटच उतरतात. माचिस डब्यात ठेवावी लागते. कागद मऊ पडतात. मी एका वृत्तसंस्थेसाठी घरून काम करतो; या दिवसांत माझ्या पडद्यावर पावसाची एकच बातमी वेगवेगळ्या आकड्यांनी येत राहते आणि खिडकीतून तिची पडताळणी होते. माझी बायको गीता शोळिंगनल्लूरच्या कचेरीत जाते. पाऊस मोठा असला की ती कधी परतेल हे कोणी सांगू शकत नाही. बाकीचे आम्ही घरातच असतो. गेल्या वर्षी आमच्यातला एक जण तर बाल्कनीपलीकडे जाऊच शकत नव्हता.

सासऱ्यांना घरात सगळे अप्पा म्हणतात. ते तंजावूरकडच्या मराठी घरातले, सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांची मराठी माझ्या साताऱ्याच्या मराठीहून जुनी आहे आणि तिच्यात तमिळ मिसळलेली आहे. मला ते 'मापिळ्ळै' म्हणतात, म्हणजे जावई, आणि अहोजाहो करतात. आदर आणि टोमणा यांतलं काय कधी चालू आहे हे ओळखायला मला बरीच वर्षं लागली.

कार्तिकैच्या संध्याकाळी या घरात एक शिस्त आहे. गल्लीत सूर्य मावळताच दारोदार मातीचे दिवे लागतात. आमच्या उंबऱ्यावर लागत नाहीत. आधी अप्पा गच्चीवर जातात, कृत्तिका स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात, खाली येऊन "दिसल्या" म्हणतात, मग सासूबाई काडी ओढतात. हे वाटतं तितकं सोपं नाही. त्या दिवशी चंद्र पूर्ण असतो आणि कृत्तिकांच्या शेजारीच असतो, त्यामुळे तो पुंजका त्याच्या उजेडात बुडतो. अप्पा थांबतात. सासूबाई दारात तेल घातलेल्या पणत्या मांडून बसतात आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "आमच्याकडे सर्कारी मंजुरी येणें आहे."

दुसऱ्या कोणी पाहून सांगितलेलं अप्पांना चालत नाही. मोजणीत ज्याने यंत्राला डोळा लावला त्यानेच आकडा लिहायचा, असा त्यांचा नियम होता. मला हा नियम समजतो. आमच्या धंद्यातही ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगळ्या वाक्यांत लिहितात.

पडण्याआधीच्या दोन-तीन वर्षांत त्यांना गच्चीवर जास्त वेळ लागत होता. त्यांनी शहराच्या उजेडाला दोष दिला, समुद्रावरच्या धुरक्याला दिला. आम्ही मान डोलावली. उजेड वाढला होता, हे खरंच होतं.

घरी आणल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी पलंगावरून विचारलं, "मापिळ्ळै, बाल्कनींतून आकाश किती दिसतें?"

"थोडं दिसतं."

"थोडें म्हणजे किती अंश?"

मी खुर्ची त्यांच्या जागी ठेवून बसलो आणि मोजलं. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश झाकले जातात. समोर बॅचलर लोकांची मॅन्शन, म्हणजे भाड्याच्या खोल्यांची इमारत, आहे, तिच्या शेजारी एक बंद घर. दोन्हींच्या मधल्या फटीत आडव्या दोन मुठी बसल्या. उभ्या साडेतीन मुठी, मॅन्शनच्या पाण्याच्या टाकीपासून आमच्या छतापर्यंत. फट पूर्वेला, किंचित उत्तरेकडे झुकलेली. अप्पांनी आकडे ऐकले, छताकडे पाहत थोडा हिशेब केला आणि म्हणाले, "पुरे. कार्तिकै दिवशीं त्या येथूनच वर चढतील. पण नुसत्या डोळ्यांस दिसणार नाहींत. यंत्र पाहा."

सासूबाई आतून म्हणाल्या, "चाळीस वर्षें जमिनीच्या हद्दी पाहिल्या, आतां आकाशाचा कोणाशीं भांडणतंटा आहे?"

यंत्र पाहणं माझ्याकडे आलं. गीताने कचेरीतल्या एकाकडून मोठी दुर्बीण मागून आणली, दहा बाय पन्नास. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. घरात सगळ्यांचं एकमत झालं की दहा म्हणजे उत्तम आणि वीस मिळाली तर आणखी उत्तम. अप्पांनी ती हातात घेतली, आडवी वळवली, आणि एकच नळी उजव्या डोळ्याला लावली. दुसरी नळी कानापाशी गेली.

गीता हसून खाली बसली. "अप्पा, ती दोन डोळ्यांची आहे!"

"असो दे की. मोजणींत डावा डोळा मिटलेलाच असतो. त्यास पगार नाहीं."

"मग अर्धी दुर्बीण परत करू का?"

तिने ती सरळ धरायला लावली. त्यांनी धरली. आम्हाला वाटलं, डावा डोळा आता उघडा आहे. उघडा होताच. मॅन्शनच्या गॅलरीतला बल्ब त्यांना काही क्षण सापडला आणि सुटला, सापडला आणि सुटला. त्यांचे हात थरथरतात. दहापट यंत्र ती थरथरही दहापट करतं. "उजेडाची नुसती अळी वळवळते," ते म्हणाले आणि दुर्बीण मांडीवर ठेवली.

समोर कपडे वाळत घालणारा मॅन्शनमधला एक पोरगेला इसम हे पाहत होता. आजोबांना हाक मारावी तसा तो तमिळमध्ये ओरडला, "ताता, काय बघताय? आमच्याकडे बघण्यासारखं काही नाही, बनियन आहेत फक्त!"

"तेच मोजतों," अप्पा त्याला तमिळमध्ये म्हणाले. "परवांपासून दोन कमी आहेत."

दुसरी दुर्बीण एका छायाचित्रकार मित्राची, सात बाय पन्नास. वाचताना ती योग्य वाटली होती. पन्नासला सातने भागलं की डोळ्याशी येणारी उजेडाची चकती मिळते, सात मिलिमीटरची. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली तेवढी उघडते. अप्पांच्या वयाची पाचच्या आसपास थांबते. उरलेला उजेड पापणीवर सांडतो. शिवाय ती जड होती. दोन मिनिटांत त्यांचे कोपर खाली आले. मी तिपाई सुचवली. त्यांनी मान हलवली. तिपाई मीच लावणार, नेम मीच धरणार, आणि मग पाहिलं कोणी?

अडीच पटीच्या छोट्या दुर्बिणीही असतात. त्यांत अख्खं नक्षत्र एका नजरेत मावतं. पण त्यांना डोळा भिंगाला जवळजवळ टेकवावा लागतो आणि अप्पांना चष्मा आहे. शेवटी सहा बाय तीस ठरली. तीस भागिले सहा, पाच. हलकी. एका वेळी साडेआठ अंशांचं आकाश दिसेल, म्हणजे हाताच्या मुठीपेक्षा थोडं कमी. चष्मा न काढता पाहता येईल अशी. कमी पटीची, म्हणून थरथर कमी. ही निवड मी ज्या कारणांनी केली ती सगळी बरोबर होती आणि सर्वांत महत्त्वाचं कारण मला माहीतच नव्हतं.

ती आली त्या मंगळवारी दुपारी पाऊस थांबला होता. मी सूचनांचा कागद वाचून त्याप्रमाणे चाललो. पहिल्या दोन वेळी हे कोणी केलं नव्हतं. त्यात लिहिलं होतं की आधी उजवा डोळा मिटून मधलं चाक फिरवावं, डाव्या डोळ्याला स्पष्ट दिसेपर्यंत. मग डावा मिटून उजव्या नळीचं कडं फिरवावं.

"अप्पा, उजवा डोळा मिटा."

"मिटला."

"समोरच्या टाकीवरची अक्षरं बघा. चाक फिरवतो, स्पष्ट झाली की थांबा म्हणा."

मी चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. ते थांबा म्हणाले नाहीत.

"टोपण काढा, मापिळ्ळै," ते म्हणाले. "डाव्या नळीचें टोपण राहिलें आहे."

टोपण काढलेलं होतं. दोन्ही टोपणं माझ्या खिशात होती.

 मी दुर्बीण बाजूला केली, चष्म्यासमोर तीन बोटं धरली आणि विचारलं किती. त्यांनी उजवा डोळा उघडला, बोटं पाहिली, मग स्वतःच उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. तळहात बराच वेळ तिथे होता. मॅन्शनमध्ये कोणीतरी बादली ठेवली, तिचा आवाज आला.

"हा कधीं गेला?" ते म्हणाले. प्रश्न मला नव्हता.

संध्याकाळी पुन्हा पाऊस आला. बुधवारी गल्लीत घोट्यापर्यंत पाणी होतं, गुरुवारी गुडघ्यापर्यंत. रिक्षा यायला तयार नव्हत्या आणि खुर्ची उचलणारी माणसं म्हणाली, पाण्यात नाही. डोळ्यांच्या रुग्णालयात फोन केला तेव्हा पलीकडच्या बाईंनी वय विचारलं, मग म्हणाल्या, दुसरा डोळा कसा आहे ते लवकर पाहू द्या. हे वाक्य मी घरात सांगितलं नाही. गीताला ते फोनमधून बाहेर ऐकू आलं होतं. त्या तीन दिवसांत अप्पा दर तासाला उजव्या डोळ्याने भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे आकडे वाचत होते, मोठ्याने, एक ते एकतीस. सासूबाईंनी पहिल्या दिवशी सोसलं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "महिना संपवतां कितीदां? जेवा आधीं."

"आकडे दिसतात तोंवर वाचतों."

"उद्यांही दिसतील."

"तें तुम्ही कोठें पाहिलें?"

सासूबाईंनी वाटी त्यांच्या उजव्या हाताजवळ सरकवली. त्या दिवसापासून सगळं उजवीकडे ठेवलं जाऊ लागलं. कोणी ठरवलं नव्हतं.

शुक्रवारी पाणी उतरलं. खुर्ची खाली गेली. निदान काचबिंदूचं झालं. डोळ्यांतला दाब वर्षानुवर्षं वाढत होता, दुखत नव्हतं, म्हणून कळलं नव्हतं. डावा डोळा गेला होता आणि परत येणार नव्हता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पडलात कसे. स्टुलाची कड दिसली नाही, ते म्हणाले. कोणत्या बाजूची? डावीकडची, खालची. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं.

उजव्या डोळ्याची तपासणी एका अंधाऱ्या खोलीत झाली. पांढऱ्या मोठ्या वाडग्यासारखं यंत्र असतं. हनुवटी टेकवून मधल्या खुणेकडे पाहायचं, आजूबाजूला बारीक ठिपके उजळतात आणि विझतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. मला दाराशी उभं राहू दिलं होतं. ठिपका उजळायचा, बटणाचा आवाज यायचा. काही वेळा ठिपका उजळायचा आणि आवाज यायचा नाही. मी ते मोजायला लागलो आणि मग बाहेर जाऊन बसलो.

नकाशा छापून आला. पांढरं म्हणजे दिसतं, काळं म्हणजे दिसत नाही. अप्पांनी तो मागितला आणि गावनकाशासारखा गुडघ्यांवर पसरला. कडेकडेने काळं होतं, नाकाकडे जास्त. मध्ये पांढरा तुकडा.

"हें सगळें पडीक," ते बोट फिरवत म्हणाले. "वहिवाट एवढीच. किती भरेल?"

"मधले साधारण वीस अंश," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी असा प्रश्न अपेक्षिला नसावा. "गेलेलं परत आणता येत नाही. रोज रात्री थेंब घालायचे, आहे ते राखायचं. राहील की नाही, ते दर चार महिन्यांनी बघू."

 परतताना खुर्ची दुसऱ्या मजल्याच्या वळणावर होती तेव्हा अप्पा म्हणाले, "मापिळ्ळै, वीस भागिले सहा?"

"तीन आणि वर थोडं."

"दहाच्या यंत्रांत दोनच अंश आले असते. कृत्तिका दीडाच्या आंत आहेत. हात हलतो, दोन अंशांत सांपडल्या नसत्या. तीनांत सांपडतील." मग उचलणाऱ्यांना म्हणाले, "सावकाश, बाबांनो. डावीकडे भिंत आहे कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं."

कमी पटीचं यंत्र अरुंद झालेल्या डोळ्यात जास्त आकाश बसवतं. हे कोणत्याही सूचनांच्या कागदावर नव्हतं.

पुढचे आठवडे ढगांचे होते. फटीत राखाडी रंग असायचा, कधी मॅन्शनचं छतही धूसर व्हायचं. अप्पा दुपारी चार वाजता बाल्कनीत बसायचे आणि सातला आत यायचे. दुर्बीण गळ्यात. थेंब घातल्यावर डोळा चुरचुरायचा आणि ते काही मिनिटं मिटून बसायचे. त्या मिनिटांत कोणी खोलीतून हललं तरी विचारायचे, कोण गेलें. वॉकर घेऊन ते दारापर्यंत चालायला लागले होते. जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी थांबून खाली पाहायचे आणि वळायचे. गीता म्हणाली, या वर्षी दिवे वेळेवर लावू, त्यांना त्रास नको. ते ऐकून सासूबाईच म्हणाल्या, "कशास? माझा हात दुखतो कां काडी धरायला? थांबेन."

कार्तिकैच्या दिवशी सकाळी सर आली. दुपारी उघडलं नाही. सहा वाजता गल्लीत दिवे लागले, मॅन्शनच्या कठड्यावरही पोरांनी रांग लावली. पावणेसातला टाकीच्या डाव्या अंगाने ढग फाटले आणि चंद्र दिसला, फटीच्या वरच्या भागात. कृत्तिका त्याच्या खाली, दोनेक बोटांवर, असायला हव्या होत्या. उजेडात काहीच दिसत नव्हतं. मी दुर्बिणीशिवाय पाहिलं, कोरं आकाश होतं.

"चंद्र झांका," अप्पा म्हणाले.

दोरीवर त्यांचीच वेष्टी वाळत होती. मी ती धरली. मोजणीत यंत्रावरचा माणूस लांब उभ्या असलेल्या काठीवाल्याला हातवाऱ्यांनी हलवतो. अप्पांनी डावा हात बाजूला काढला आणि मला हलवायला सुरुवात केली.

"डावीकडे. अजून. अजून. फार झालें, तुमच्या साताऱ्यास निघालांत. परत. वर धरा. वर म्हणजे वर, मापिळ्ळै, उंची कोठें गहाण ठेवली आहे?"

वेष्टीच्या काठामागे चंद्र गेला. माझे हात डोक्यावर होते आणि दमट कापडातून पाणी मनगटावर उतरत होतं. मॅन्शनच्या गॅलरीतली ट्यूब फटीच्या कडेला होती. बनियनवाल्याने आमच्याकडे पाहिलं, काही न विचारता ती बंद केली.

अप्पांनी दुर्बीण उचलली. डावा डोळा त्यांनी मिटला नाही. कोपर खुर्चीच्या हातांवर टेकले, तरीही नळ्या हलत होत्या. त्या हळूहळू एका ठिकाणी गेल्या, सुटल्या, परत आल्या. गीता दारात होती. तिने काही विचारायला तोंड उघडलं, सासूबाईंनी तिचं मनगट धरलं.

"वेष्टी हलवूं नका," अप्पा म्हणाले.

मी हलवली नाही. खांद्यात गोळा आला होता.

"एक," ते म्हणाले. बऱ्याच वेळाने, "दोन. त्याच्या खालीं आणखी." मग आकडे थांबले. नळ्या पुन्हा सुटल्या. त्यांनी श्वास सोडला, डोळा मिटला, उघडला, पुन्हा उचलल्या. "तीन. चार." आणि मग, सगळ्यांत उशिरा, "पांच."

सात वाजून बावीस मिनिटं झाली होती. ढग साडेसातच्या आधी परत आले. मधल्या वेळात गीताने दुर्बीण घेऊन पाहिलं, तिला सात दिसल्या. तिने ते मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. सासूबाईंनी दिवे लावले, वाऱ्याने दोन विझले, ते पुन्हा लावले.

त्यानंतर उजव्या डोळ्याची तपासणी तीनदा झाली. तिसरी गेल्या मंगळवारी. अप्पा काठी घेऊन जिना उतरले, गीता एक पायरी पुढे, मी एक पायरी मागे. नवा नकाशा जुन्या नकाशावर ठेवून डॉक्टरीणबाईंनी उजेडासमोर धरला. नाकाकडच्या बाजूला दोन चौकोन जास्त काळे झाले आहेत. थेंब रोज रात्रीऐवजी सकाळ-संध्याकाळ करायला सांगितले आहेत. मधले वीस अंश अजून पांढरे आहेत.